गाय सारखी उलटतेय? वळूच्या गव्हाणीतही डोकावून पाहा

पूर्णा तालुक्यात काय किंवा मराठवाड्यात इतरत्र काय, गाय दोन-तीनदा फळवूनही गाभण राहिली नाही की दोष गायीलाच मिळतो. इंजेक्शनं तिला, औषधं तिलाच. वळू अंगानं धडधाकट दिसतो, मग त्याच्यात काय खोट असणार?

खोट त्याच्या चाऱ्यात असू शकते.

खरीप ज्वारी कणसात असताना पाऊस लागला की दाण्यावर बुरशी चढते. कधी दाणा काळा पडतो, कधी त्याला गुलाबी झाक येते. अशा ज्वारीला बाजारात भाव नाही, म्हणून ती जनावरांपुढे जाते. भिजलेला कडबा आणि ओल लागलेली पेंड यांचंही तेच. बुरशी डोळ्यांना दिसते, पण तिनं तयार केलेलं विष दिसत नाही. या विषांना मायकोटॉक्सिन म्हणतात.

त्यातलं अफ्लाटॉक्सिन आधी यकृतावर घाला घालतं. शुक्रजंतूंची संख्या आणि हालचालही त्यानं घटू शकते. झिरॅलेनोनची तऱ्हा वेगळी. नराच्या शरीराला ते चक्क इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं संप्रेरक वाटतं आणि टेस्टोस्टेरॉन कमी होऊ लागतं. याचा सर्वात ठळक परिणाम डुकरांत दिसतो. रवंथ करणारी जनावरं थोडी सुरक्षित, कारण त्यांच्या कोठीपोटातले जिवाणू बरीच विषं मोडतात. पण झिरॅलेनोनचा काही भाग हेच जिवाणू आणखी जोरकस रूपात बदलतात!

आता खरी गोम. वळूच्या शरीरात शुक्रजंतू तयार व्हायला साधारण 61 दिवस लागतात, पक्व व्हायला आणखी आठ-दहा दिवस. म्हणजे ऑक्टोबरात खाल्लेल्या ज्वारीचा फटका डिसेंबरातही बसू शकतो. तोवर ती ज्वारी संपलेली असते, आणि तिच्यावर संशय घ्यायचं कुणाला सुचत नाही. कृत्रिम रेतनाचं वीर्य गोठवण्याआधी तपासलं जातं. गावच्या वळूचं किंवा बोकडाचं कोण तपासतं? एका बोकडावर अख्खा कळप अवलंबून असेल, तर एका हंगामाची करडं जातात.

उन्हात वाळवून किंवा उकळून विष जाईल, या भरवशावर राहू नका. बुरशी मरते, विष उरतं. चांगल्या खाद्यात मिसळल्यानं ते फक्त पातळ होतं. बाजारातले टॉक्सिन बाइंडर अफ्लाटॉक्सिनवर बरे चालतात, झिरॅलेनोनवर फारसे नाहीत.

कापसाच्या पट्ट्यात आणखी एक संशयित आहे: सरकी. तिच्यातलं गॉसिपॉल हे बुरशीचं विष नव्हे, सरकीत ते मुळातच असतं. पण जास्त खाऊ घातल्यास तेही वळूच्या शुक्रजंतूंना इजा करतं.

त्यामुळे शंका आली तर गायीसोबत वळूचंही वीर्य तपासून घ्या. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारता येईल. आणि डॉक्टरांना आजचा चारा सांगून थांबू नका, दोन-तीन महिन्यांपूर्वी काय घातलं होतं तेही सांगा. चारा बदलल्यावरही फरक दिसायला तेवढाच काळ लागेल.