साचेखात्यातले कान आणि कॉकपिटमधले कान

परळच्या एखाद्या जुन्या चाळीत संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला गॅलरीतून चालत जा. एका तरी खोलीतला टीव्ही असा लागलेला असतो की पुढच्या तीन खोल्यांनी आपला लावायची गरज नाही. आत बहुतेक एखादे निवृत्त साचेवाले आजोबा असतात. सून आवाज कमी करते, आजोबा पुन्हा वाढवतात आणि वर ऐकवतात, ‘‘मला ऐकू येतं गं, तो माणूसच नीट बोलत नाही.’’ घरचे हसतात. पण आजोबा खोटं बोलत नसतात.

गैरसमज : गिरणीतली माणसं मोठ्याने बोलतात, ते कोकणातून-घाटावरून आल्यामुळे.

साचेखातं म्हणजे कापडगिरणीतलं विणाईखातं. तिथल्या जुन्या साच्यावर लाकडी धोटा मिनिटाला सुमारे 200 वेळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जाई आणि दर वेळी पेटीत आपटून थांबे. एका साच्याचे सेकंदाला तीनेक फटके, आणि एका छताखाली साचे शेकड्यांनी. हवा कोरडी पडली तर धागा तुटतो, म्हणून खातं दमट आणि बंद ठेवायचं. त्यामुळे आवाज बाहेर न जाता आतच घुमायचा. धोट्याच्या साच्यांच्या खात्यात आवाज साधारण 95 ते 105 डेसिबल भरतो. तिथे आठ तास काढलेला माणूस ओरडूनच बोलणार. शिवाय आतला कान गेला की स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नाही, म्हणून घरी आल्यावरही पट्टी वरचीच राहते. त्याचा गावाशी संबंध नाही. मुंबईत साचे आले ते लँकेशायरचे, आणि लँकेशायरचे विणकरही ओठ वाचून आणि हातवारे करूनच बोलत. पण परळमध्ये ते शिकवायला कोणी आलं नव्हतं. एक बोट वर केलं की काय आणायचं, कपाळावर हात नेला की कोण येतोय, हे ज्या त्या खात्याने आपापलं ठरवलं.

गैरसमज : पहिला महिना त्रास होतो, मग कानाला सवय होते.

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय. नवा बदली कामगार पहिल्या पाळीनंतर बाहेर पडला की कानाला दडे बसायचे, रात्री उशीवर डोकं टेकलं की किणकिण सुरू. सकाळपर्यंत उतरायचं. जुने लोक पाठ थोपटून सांगायचे, होईल सवय. आणि खरंच काही महिन्यांनी त्रास वाटेनासा व्हायचा.

आतल्या कानात शंखासारख्या वळलेल्या नळीत केसांसारखी टोकं असलेल्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, म्हणून दडे बसतात. विश्रांती मिळाली तर सावरतात. रोज मार बसत राहिला तर मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे ‘सवय’ झाली असं वाटतं, तेव्हा बहुधा काही पेशी कायमच्या गेलेल्या असतात. आधी जातात त्या बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या, 4000 हर्ट्झच्या आसपासच्या. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत, ती गळतात. त्यामुळे भाजीवाला ‘साठ’ म्हणाला की आजोबांना ‘आठ’ ऐकू येतं. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. ‘तो माणूस नीट बोलत नाही’ ही तक्रार यातूनच येते. बातम्या देणारा माणूस आजोबांच्या लेखी खरोखरच अर्धी व्यंजनं खातो.

गैरसमज : 90 आणि 100 डेसिबलमध्ये फरक तो केवढा, दहाचा!

डेसिबल भाजीच्या किलोसारखे मोजत नाहीत. दहा वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी मर्यादा 90 ची आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा सल्ला आणखी कडक: 85 ला आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. या हिशेबाने 100 डेसिबलमध्ये पंधरा मिनिटं पुरे. साचेवाल्याची पाळी आठ तासांची.

गैरसमज : कानात कापूस घातला की झालं.

कापसाच्या गिरणीत कापसाला काय तोटा! पण साधा बोळा जेमतेम काही डेसिबल अडवतो. फोमचे किंवा रबरी बोळे, नीट आत बसवले तर, त्याहून कितीतरी जास्त. ते घातल्यावर साच्याचा बिघाड किंवा हाक ऐकू येणार नाही ही भीती असते. पण चांगल्या कानाच्या माणसाला गोंगाटात बोळे घालून बोलणं उलट बरं कळतं, कारण गोंगाट आणि बोलणं दोन्ही सारखंच खाली येतं आणि कान दिपत नाही. लालबागच्या मिरवणुकीत ताशासमोर कापूस कोंबून नाचणाऱ्या पोरांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

गैरसमज : खरा आवाज विमानवाल्यांना, इंजिनाशेजारी बसतात ते.

जेट विमानात इंजिनं वैमानिकाच्या बरीच मागे असतात. कॉकपिटमध्ये मुख्यतः नाकावर आपटणारा वारा आणि वातानुकूलनाची घरघर ऐकू येते, साधारण 75 ते 85 डेसिबल. साचेखात्यापुढे हे काहीच नाही. तरीही त्यांच्या कानावर हेडसेट असतो. गोंगाट पुसणाऱ्या हेडसेटमधला छोटा माइक बाहेरची घरघर टिपतो आणि तिची उलटी लहर सोडून ती पुसतो. अमर बोस यांना ही कल्पना 1978 मध्ये विमानप्रवासातच सुचली आणि 1989 मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. ही युक्ती एकसुरी घरघरीवर चालते, धोट्याच्या तडाख्यावर फारशी नाही. पण फरक यंत्रापेक्षा मोजदादीत आहे. वैमानिकाचे कान ठरावीक काळाने तपासले जातात आणि 3000 हर्ट्झला 50 डेसिबलहून जास्त घट आढळली तर परवान्यावर प्रश्नचिन्ह लागतं. कान गेला हे त्याला घरच्यांच्या आधी डॉक्टर सांगतो.

गैरसमज : रात्रपाळी म्हणजे दिवसभर झोप.

दिवसाची झोप शरीराच्या घड्याळाला पटत नाही. ती तुटक आणि कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळ्यांना कर्करोगाच्या ‘संभाव्य’ कारणांत घातलं. 2024 च्या नियमांत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकाची आठवड्याची सुटी 36 तासांवरून 48 वर नेली आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा घातली. गिरणगावातल्या गाळ्यात पहिल्या पाळीचा माणूस उठला की त्याच जागेवर रात्रपाळीवाला पथारी टाकायचा. बाहेर भोंगा, नळावरची भांडणं, पोरांचा दंगा. आणि तिन्ही पाळ्यांना ताट वाढणारी खानावळवाली? वैमानिकाच्या झोपेचा हिशेब नियमात आहे, गिरणीवाल्याचा निदान हजेरीपटावर होता, तिचा कुणीच ठेवला नाही. कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये खानावळवाल्यांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा या बायकांना निदान बँकेचं कर्ज मिळू लागलं.

एवढं असून साचेखात्यात शिरायला धडपड असे, कारण पगार बरा. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, या सबबीवर दलितांना तिथे घेत नसत. 1928 च्या गिरणी संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. बहिरेपण येणारी जागासुद्धा हक्काने मागावी लागत होती.

आवाजाने येणारं बहिरेपण कायद्याने व्यवसायजन्य आजार आहे, पण पेशी परत आणणारं औषध नाही. श्रवणयंत्राचा उपयोग होतो. घरात असे आजोबा असतील तर केईएमच्या कान-नाक-घसा विभागात किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत त्यांची श्रवणचाचणी करून घ्या. तोवर कानाशी जाऊन ओरडू नका. समोर बसा, तोंडावर उजेड असू द्या आणि सावकाश बोला. ओठ वाचायला ते साचेखात्यातच शिकलेत.