वॉल्डनकाठचा जमाखर्च

हेन्री डेव्हिड थोरो याचा ‘वॉल्डन’ हा १८५४ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आपल्याकडे मुख्यतः निसर्गचिंतन म्हणून वाचला जातो, आणि दुर्गाबाई भागवतांनी तो मराठीत आणल्यापासून त्यातले अरण्य, सरोवर आणि एकांत मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले आहेत. परंतु त्याचे पहिलेच आणि सर्वांत दीर्घ प्रकरण अर्थव्यवहाराचे असून, एखाद्या दक्ष कारकुनाने किर्द लिहावी तसा त्यात पै-पैचा हिशेब मांडला आहे, याची दखल क्वचितच घेतली जाते. मॅसॅच्युसेट्समधील काँकर्ड गावाजवळ, त्याचा स्नेही एमर्सन याच्या मालकीच्या जमिनीवर, थोरोने १८४५ साली स्वहस्ते १० फूट रुंद व १५ फूट लांब घर उभारले, तेव्हा फळ्या, जुन्या विटा, चुना, खिळे, दोन वापरलेल्या खिडक्या, इतकेच काय, पण एका सेंटचा खडूदेखील जमेस धरून एकंदर खर्च २८ डॉलर १२½ सेंट आला; आणि केंब्रिजच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यास नुसत्या खोलीचे वर्षाचे भाडे ३० डॉलर पडते, हेही त्याने तिथेच नोंदवून ठेवले. वर्षातून सुमारे सहा आठवडे अंगमेहनत केली की आपला निर्वाह भागतो, हा त्याच्या अनुभवाचा निष्कर्ष.

त्याच प्रकरणात फिचबर्गच्या प्रवासाचा दाखला आहे. ३० मैलांचे अंतर, आगगाडीचे भाडे ९० सेंट, म्हणजे जवळजवळ एका दिवसाची मजुरी; तेव्हा आधी भाड्याची रक्कम मिळवून मग गाडीत बसणाऱ्यापेक्षा आत्ता पायी निघालेला माणूस लवकर पोहोचेल, असे त्याचे गणित. वस्तूची किंमत तिच्यासाठी वेचलेल्या आयुष्याच्या तासांत मोजायची, हा जो विचार यात आहे, त्यालाच व्हिकी रॉबिन आणि जो डॉमिंगेझ यांनी १९९२ सालच्या ‘युवर मनी ऑर युवर लाइफ’ या पुस्तकात पद्धतीचे रूप दिले: पगारातून जाण्यायेण्याचा, पोशाखाचा व शिणवटा घालवण्याचा खर्च वजा करावा, कामाच्या तासांत त्याच निमित्ताने जाणारे जादा तास मिळवावेत, आणि मग एका तासाची खरी मिळकत किती उरते ते पाहावे. पहिल्यांदा हा भागाकार करणारा पगारदार सहसा अस्वस्थ होतो, आणि ती अस्वस्थता मला अत्यंत हितकारक वाटते.

किती संचय झाला म्हणजे माणूस नोकरीच्या बंधनातून मुक्त झाला, या प्रश्नाचे आकड्यांतले उत्तर विल्यम बेंगेन या कॅलिफोर्नियातील आर्थिक सल्लागाराने १९९४ साली दिले. १९२६ पासूनची अमेरिकन बाजाराची आकडेवारी तपासून त्याने दाखवले, की पहिल्या वर्षी संचयाच्या ४ टक्के रक्कम काढली आणि पुढे ती महागाईच्या मानाने वाढवत नेली, तरी संचय किमान ३० वर्षे पुरतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की वार्षिक खर्चाच्या २५ पट गंगाजळी हवी. महिना ४०,००० रुपयांत चालणाऱ्या घराला १ कोटी २० लाख.

येथेच काटकसरीचे मर्म आहे. पगार ५,००० रुपयांनी वाढला तर शिल्लक तेवढी वाढते, गंतव्य मात्र जागच्या जागी राहते. परंतु मासिक खर्च ५,००० रुपयांनी उतरला तर शिल्लक तर वाढतेच, शिवाय लागणारी गंगाजळीही १५ लाखांनी कमी होते. महागाई वजा जाता गुंतवणूक दरसाल ५ टक्क्यांनी वाढते असे धरले, तर ही गंगाजळी जमवायला उत्पन्नाचा दहावा हिस्सा राखणाऱ्यास सुमारे ५१ वर्षे लागतात, पाव हिस्सा राखणाऱ्यास ३२, आणि अर्धा राखणाऱ्यास १७. हा दर उदार आहे हे मान्य करून तो ३ टक्क्यांवर आणला, तर दशांश राखणाऱ्याची मुदत ६९ वर्षांवर जाते, अर्धे राखणाऱ्याची अवघी १९ वर. ज्याचा खर्च आटोक्यात आहे त्याला बाजाराची मर्जी फारशी राखावी लागत नाही.

बेंगेनचा नियम आपल्याकडे जसाच्या तसा लागू करणे मात्र धोक्याचे. तो ३० वर्षांच्या मुदतीसाठी आणि अमेरिकेच्या इतिहासावर बेतलेला आहे. चाळिशीत नोकरी सोडणाऱ्या मराठी गृहस्थापुढे ५० वर्षे असू शकतात, आणि रुग्णालयाचे एक बिल अनेक वर्षांची तजवीज उलथवू शकते. म्हणून २५ ऐवजी ३० किंवा ३५ पटीचा हिशेब धरणे आणि आरोग्यविम्याची तरतूद वेगळी ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. थोरो अविवाहित होता, जमीन स्नेह्याची होती, हेही विसरू नये. आणि ज्याची सारी मिळकत भाड्यात व धान्यातच सरते त्याला काटकसरीचा उपदेश करणे हा त्याचा अपमान आहे. त्याला प्रथम वाजवी वेतन हवे.

परंतु ज्यांच्या हाती थोडी शिल्लक उरते, त्यांनी पूर्ण मुक्तीच्या आकड्याने दबून जाण्याचे कारण नाही. अपमानास्पद नोकरी सोडण्यासाठी, आजारी आईजवळ राहण्यासाठी किंवा नवे कसब शिकण्यासाठी एका वर्षाचा निर्वाहखर्च गाठीशी असला तरी पुष्कळ होते. व्याज हिशेबात न धरता, दहावा हिस्सा राखणाऱ्याला तो जमवायला ९ वर्षे लागतात, पाव हिस्सा राखणाऱ्याला ३, आणि अर्धा राखणाऱ्याला एकच.