तिकिटाविना लागलेली लॉटरी

‘आपणांस पंचवीस लाखांची लॉटरी लागली आहे,’ असा निरोप भ्रमणध्वनीवर आला, तर क्षणभर कोणाचेही मन हरखून जाईल. समजा, रायपूरच्या तात्यापारा भागातील एका निवृत्त शिक्षकांना असा निरोप आला, आणि ‘कर’ म्हणून मागितलेले पन्नास हजार रुपये पाठविण्यासाठी मुदत ठेव मोडावयास ते बँकेत आले. काउंटरवरील कर्मचाऱ्याने त्यांना आदराने एकच प्रश्न विचारावा : “गुरुजी, तिकीट कोठे आहे?”

या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यान्वये कागदी लॉटरी चालविण्याची मुभा राज्य शासनांनाच आहे. महाराष्ट्र शासनाने आपली लॉटरी १९६९ साली सुरू केली. छत्तीसगड शासनाची स्वतःची लॉटरी नाही. लॉटरी कोणत्याही राज्याची असो, बक्षीस तिकिटालाच लागते. ज्याने तिकीट घेतलेच नाही, त्याचा क्रमांक सोडतीत निघणार तरी कसा?

दुसरी खूण पैशांच्या प्रवासाची. दहा हजार रुपयांहून अधिक रोख बक्षिसावर बक्षीस देणाराच ३० टक्के प्राप्तिकर कापून घेतो. एक कोटी लागले, तर तीस लाख आधीच वजा होऊन सत्तर लाख हाती येतात. उपकर आणि मोठ्या रकमेवरील अधिभार भरावयाचा असतो तो थेट शासनाकडे. म्हणून तेवढी रक्कम विजेत्याने बाजूला ठेवणे शहाणपणाचे. कर बक्षिसातून जातो. निरोप पाठविणाऱ्याच्या खात्यात तो आगाऊ भरावा लागत नाही.

‘आपली रक्कम रिझर्व्ह बँकेत जमा आहे,’ असेही सांगितले जाते. रिझर्व्ह बँक सामान्य व्यक्तींची खाती ठेवीतच नाही. शिवाय परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी देशाबाहेर पैसे पाठविण्यास परकीय चलन नियमांनी मनाई आहे.

चुकून पैसे गेलेच, तर संकोच करू नये. तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती रोखता येण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

घाईने मोडल्या जाणाऱ्या ठेवीमागील कारण कर्मचाऱ्यांनी आपुलकीने विचारावे, आणि ग्राहकांनी ते मोकळेपणाने सांगावे. वर्षानुवर्षांच्या काटकसरीतून उभी राहिलेली ठेव वाचविणाऱ्या या दोन शब्दांस कोणतेही शुल्क लागत नाही.