एचपी मोठा, म्हणून राउटर चांगला?

सॉलिड सरफेसच्या ओट्यांचं काम अंगावर घेतलेला कारागीर राउटर घ्यायला गेला की पहिला प्रश्न ठरलेला: किती एचपीचा? दुकानदारही खोक्यावरचा आकडा दाखवून मोकळा होतो. हा आकडा बहुतेकदा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. अमेरिकेतल्या 120 व्होल्ट, 15 अँपिअरच्या प्लगमधून 1800 वॉट, म्हणजे जेमतेम 2.4 एचपी निघतात. तरी तिथल्या खोक्यांवर सव्वातीन एचपी सर्रास छापलेलं असतं. त्यापेक्षा मोटारीच्या नेमप्लेटवरचे वॉट बघा. तेही मोटार खाते तेवढे. बिटपर्यंत कमीच पोहोचतात.

'आरपीएम जास्त तेवढी कड गुळगुळीत' हा दुसरा समज. सॉलिड सरफेसचं शीट म्हणजे ढोबळमानाने एक तृतीयांश ॲक्रिलिक आणि दोन तृतीयांश ॲल्युमिना ट्रायहायड्रेटची पूड. बिट जागच्या जागी घासत राहिली की ॲक्रिलिक तापतं, कडेवर लाटा उमटतात. 22,000 आरपीएमवर 12 मिमीच्या बिटच्या धारेचा वेग सेकंदाला सुमारे 14 मीटर असतो, 50 मिमीच्या बिटचा तब्बल 58. म्हणून कडेच्या गोलाईची मोठी बिट लावायची तर वेग निम्म्यावर आणता आला पाहिजे आणि लोड आल्यावर तो टिकलाही पाहिजे. एकाच वेगाचा राउटर कितीही दणकट असला तरी या कामाला मी तो घेणार नाही.

खरं नुकसान होतं ते सिंक आणि शेगडीच्या कटिंगमध्ये. 'जिगसॉने कापू, कड नंतर घासू, कोण बघतंय?' जिगसॉच्या पात्याने कडेवर बारीक खाचा पडतात, आणि काटकोनात कापलेल्या कोपऱ्यात सगळा ताण एका बिंदूवर येतो. शेगडीच्या उष्णतेने शीट फुगतं, आकसतं आणि काही महिन्यांनी त्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. मालक म्हणतो माल खराब. राउटरची 12 मिमीची बिट कोपऱ्यात आपोआप 6 मिमी त्रिज्येची गोलाई सोडते; शेगडीपाशी ती याहून मोठी असलेलीच बरी.

हेच काम ट्रिमरवर उरकता येईल? कड साफ करायला ट्रिमर उत्तम. पण त्याची 6 मिमीची दांडी 12 मिमी जाडीच्या शीटमध्ये पूर्ण खोलीवर घातली तर थरथरणारच. दुप्पट व्यासाची दांडी सोळापट ताठ असते.

आता कॉलेट. दुकानात याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. 12 मिमी आणि अर्धा इंच (12.7 मिमी) एकच, असं सांगणारे भेटतील. अर्ध्या इंचाच्या कॉलेटमध्ये 12 मिमीची दांडी नट आवळला की बसल्यासारखी वाटते, पण तिला सगळीकडून पकड मिळत नाही. ती चालता चालता सरकते, प्रसंगी सुटून उडते. दांडी पार तळाला टेकवून आवळणंही चूक. टेकवून दोन-तीन मिमी वर घ्यावी. राउटर घेण्याआधी प्लग काढलेला ठेवून त्यात बिट बसवा, हाताने फिरवा, टोक डुलतं का पाहा. मग मोटार अर्ध्यावर खाली दाबून लॉक करा आणि दोन्ही मुठी धरून हलवा. तिथे खेळ जाणवला तर जोडावरचा सुकलेला ॲढेसिव्ह उतरवताना शीटही खरवडलं जाईल.

'हा काही क्वार्ट्झ नाही, धुळीची काय भीती?' क्वार्ट्झमधली सिलिका यात सहसा नसते, हे खरं. पण 2014 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशाच शीटच्या धुळीशी संबंधित फुप्फुसविकाराची एक केस प्रसिद्ध झाली. एका केसवरून नियम ठरत नाही. तरी पांढऱ्या धुळीत तासन्‌तास उभं राहणाऱ्याने तोंडाला रुमाल बांधून भागवू नये. नीट बसणारा रेस्पिरेटर हवा, आणि व्हॅक्यूमचा पाइप जोडायला राउटरवर तोंड हवं. ते नसेल तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.