सायकलचे पूर्वज आणि त्यांची नावे

पेडल नसलेल्या सायकलला तुम्ही सायकल म्हणाल काय? सायकलचा पहिला पूर्वज मात्र तसाच होता.

१२ जून १८१७ रोजी जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फोन ड्राइस हे गृहस्थ एका लाकडी वाहनावर स्वार झाले. एकामागे एक अशी दोन चाके, मध्ये बैठक आणि पुढचे चाक वळवण्यासाठी दांडा, एवढाच त्याचा थाट! पायांनी जमीन मागे रेटायची आणि पुढे सरकायचे. तरीही तासाभराच्या आत त्यांनी सुमारे १३ किलोमीटर अंतर तोडले. वाहन वेगात असता तोल जाईल त्या बाजूला पुढचे चाक किंचित वळवले, की तोल सावरतो. दोन चाकांवर धावता येते ते यामुळेच.

ड्राइस यांनी याला नाव दिले 'लाउफमाशीने', म्हणजे धावण्याचे यंत्र. लोक त्याला 'ड्राइसीन' म्हणू लागले. फ्रान्समध्ये ते 'वेलोसिपेड' झाले. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील 'वेगवान' आणि 'पाय' हे शब्द आहेत. इंग्लंडात शौकीन तरुण त्यावर मिरवत, म्हणून थट्टेने 'डँडी हॉर्स', अर्थात छानछोक्यांचा घोडा!

१८६० ते १८७० या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पेडल बसवले गेले आणि पाय जमिनीवरून सुटले. पण चाकांना लोखंडी धाव आणि रस्ते दगडी. मग 'बोनशेकर', म्हणजे हाडे खिळखिळी करणारी, हे नाव पडले यात नवल ते काय?

पेडल थेट चाकालाच असल्याने पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई. १ मीटर व्यासाचे चाक त्यात सुमारे ३.१ मीटर जाते, दीड मीटरचे ४.७ मीटर. म्हणून पुढचे चाक मोठे होत गेले. मोठे पेनी आणि चिमुकले फार्दिंग ही नाणी शेजारी ठेवावीत तशी ही 'पेनी-फार्दिंग' दिसे. खड्डा लागला की स्वार डोक्यावर आपटे!

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी साखळी असलेली 'रोव्हर' आणली. मोठ्या दंतचक्राने छोटे दंतचक्र फिरवले, की लहान चाकही वेगाने फिरते. म्हणून ही 'सेफ्टी', म्हणजे सुरक्षित सायकल. पोलंडमध्ये आजही सायकलला 'रोवेर' म्हणतात.

आणि आपला 'सायकल' शब्द? त्याचे मूळ ग्रीक 'किक्लॉस', म्हणजे चाक. तो आणि संस्कृत 'चक्र' एकाच प्राचीन शब्दापासून निघाले. 'चक्र'पासून आपले 'चाक' झाले. म्हणजे 'सायकल' आणि 'चाक' ही दूरची भावंडेच की!