भाजलं! आता कुणाचं ऐकायचं?

संध्याकाळची वेळ. ओट्याच्या कडेला ठेवलेलं चहाचं पातेलं तुमच्या तीन वर्षांच्या लेकीनं ओढलं आणि उकळता चहा तिच्या हातावर, छातीवर सांडला. किंकाळी ऐकून शेजारणी धावत येतात. एक म्हणते, "टूथपेस्ट लावा!" दुसरी म्हणते, "बर्फ आणा." सासूबाई हळदीचा डबा काढतात. समोरच्या काकू बजावतात, "पाणी मुळीच लावू नका हं, फोड येतील!"

खरं सांगा भगिनींनो, तुम्ही कुणाचं ऐकाल? बहुतेक जणी, जी सर्वांत ठासून बोलेल तिचं ऐकतात. घाबरलेल्या मनाला पारख करायला उसंत नसते. कानावर पडलेला पहिला उपाय ते घट्ट धरून बसतं. सांगणारीचा हेतू चांगलाच असतो, पण तिनंही तो कुठंतरी ऐकलेलाच असतो.

आणि गंमत (गंमत कसली म्हणा!) अशी, की काकूंनी मना केलेला तोच खरा उपाय. नळाचं साधं, वाहतं पाणी भाजलेल्या जागेवर २० मिनिटं धरायचं. बाकीचं अंग कोरडं, उबदार ठेवायचं. २० मिनिटं घड्याळात बघून हं! रडतं मूल धरून उभं राहिलं की दोन मिनिटंसुद्धा वीस वाटतात. बर्फानं कातडी आणखी दुखावते. पेस्ट नि हळद डॉक्टरांना पुन्हा धुऊन काढावी लागते, त्यात पोरीचे हाल. उशीर झाला तरी पाणी सोडू नका. ३ तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. बांगड्या सूज चढण्याआधी काढा, चिकटलेला कपडा मात्र ओढू नका.

डॉक्टरांना फोन लावला, की आपण नुसतं "काय करू हो?" म्हणत राहतो. त्यांना हवं असतं ते हे: वय किती, कशानं भाजलं, कुठं, केव्हा, काय लावलं. मुलाच्या स्वतःच्या पंजापेक्षा मोठी जागा असेल, किंवा चेहरा, हात, सांधे, जांघ भाजली असेल, तर थेट इस्पितळ गाठा. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका फुकट मिळते.

हे सगळं निवांत दुपारी आपल्या डॉक्टरांना विचारून एका कागदावर लिहा आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. चिकटवण्याआधी सासूबाईंनाही वाचून दाखवा. त्या वेळी हळदीच्या डब्यावरून वाद घालायला कुणाला वेळ असतो?