पिल्लाला शिक्षक हवा

महाभारताच्या आदिपर्वात एका पिल्लाची कथा आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचा पुत्र तेथे आला, आणि राजाच्या भावांनी त्याला मारून हाकलून दिले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते. त्याकडे पाहिलेही नव्हते. निरपराध पुत्राला का मारले, या सरमेच्या प्रश्नाला कोणाजवळच उत्तर नव्हते. ध्यानीमनी नसताना तुझ्यावर भय ओढवेल, असा शाप तिने दिला आणि त्याच्या निवारणासाठी योग्य पुरोहित शोधत राजाला हिंडावे लागले. आधी मार आणि मग जाणत्याचा शोध, हा क्रम आजही पुष्कळ घरांतून चालू आहे.

शहरातील सदनिकेत मोठ्या हौसेने आणलेले पिल्लू महिनाभरात सर्वांना नकोसे होऊ लागते. ते मुलांच्या पोटऱ्या धरते, चपला कुरतडते, सतरंजीवर घाण करते आणि एकटे ठेवले की आकांत मांडते. शेजारी तक्रार करतात. मग कोणीतरी म्हणतो, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. ही म्हण मुळात माणसांना उद्देशून आहे. कुत्र्यांच्या बाबतीत ती खरी नाही.

पिल्लाच्या खोड्यांपैकी बऱ्याच केवळ वयाच्या असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास त्याचे २८ दुधाचे दात पडू लागतात आणि पुढे त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवत असता ते हाती लागेल ते चावणारच. मूत्राशयावर ताबा येण्यासही काही महिने जावे लागतात. परंतु परक्या माणसाला पाहून कोपऱ्यात दडणे, अन्नाच्या भांड्याजवळ कोणी येताच अंगावर जाणे, एकटेपणात दार ओरबाडून नखे रक्ताळून घेणे, ही लक्षणे वयाबरोबर आपोआप जात नाहीत, उलट बळावतात. अशा वेळी तज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे आणि ते लवकर घ्यावे.

लवकर का, याचे उत्तर स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मिळते. पिल्लांच्या अनेक पिढ्यांचे निरीक्षण करून त्यांनी दाखवले की, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू माणसांना आणि भोवतालच्या जगाला सहज आपले मानते. आपल्याकडील २०१७ च्या नियमांनुसार विक्रेत्याला आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे नव्या घराच्या वाट्याला या काळातील शेवटचे चारच आठवडे येतात. पुढे शिकवता येत नाही असे नाही. कष्ट मात्र अधिक पडतात.

पहिली पायरी पशुवैद्याची. कान दुखत असल्यास पिल्लू डोक्याला हात लावू देत नाही. मूत्रमार्गाला विकार असल्यास ते घरभर लघवी करते. दुखण्याला शिस्तीने उतार पडत नाही. लसींचा क्रम पूर्ण होण्यापूर्वी बाहेर कोठे आणि कितपत न्यावे, हेही पशुवैद्यच सांगू शकतो. जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन रस्ता, वाहने आणि माणसे दाखवण्यास बहुधा हरकत नसते.

दुसरी पायरी शिक्षकाची, आणि खरी अडचण येथे आहे. १९८४ च्या कायद्यान्वये पशुवैद्याला नोंदणी करावी लागते. श्वानशिक्षकावर असे बंधन नाही. कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून पारख पालकानेच करायची. पिल्लाने योग्य ते केले तर तुम्ही काय करता, चुकले तर काय करता आणि घरातील माणसांना शिकवता की नाही, असे तीन प्रश्न विचारावेत. शक्य तर त्याचे काम एकदा समक्ष पाहावे. काटेरी पट्टा वापरणारा, ठरावीक दिवसांत हमखास गुण येईल अशी हमी देणारा आणि पिल्लू महिनाभर दृष्टीआड ठेवून घेणारा शिक्षक टाळलेला बरा.

‘कुत्र्याला आपला धाक हवा, नाहीतर ते आपल्यावर राज्य करील’ असे सांगणारेही भेटतात. या समजुतीचे मूळ शेंकेल यांनी पिंजऱ्यातील लांडग्यांवर केलेल्या आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. पुढे डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते. सिंहासनासाठी झगडणारी टोळी नव्हे. धाकाचा धोका असा की, गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेले पिल्लू गुरगुरणे सोडते, भीती सोडत नाही. गुरगुरणे ही सूचना होय. ती नाहीशी झाली की एके दिवशी ते सूचना न देता चावते, आणि समोर बहुधा घरातले मूलच असते.

मेरठ येथे सैन्याची आणि टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाची श्वानशिक्षणसंस्था आहे. तेथील कुत्री स्फोटके हुडकतात, माग काढतात. असे काम केलेला मनुष्य घरगुती पिल्लालाही चांगले शिकवू शकेल; पण केवळ गणवेशाच्या पुण्याईवर विसंबू नये. तीन प्रश्न त्यालाही विचारावेत.

चांगला शिक्षक पोटरी धरणाऱ्या पिल्लाला झोडपत नाही. दात लागताच खेळ थांबवावा, क्षणभर पाठ फिरवावी आणि चघळण्याजोगी वस्तू पुढे करून ती धरल्यावर शाबासकी द्यावी, असे तो घरातील प्रत्येकाला करावयास लावतो. आजोबांनी हसावे, ताईने ओरडावे आणि बाबांनी चापट मारावी, अशा घरात पिल्लाला काहीच उमगत नाही. आठवड्याचे तास १६८. शिक्षकाच्या वाट्याला त्यांपैकी एक-दोन येतात, बाकीचे घराचे.

१९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावराला मारहाण करणे, सदैव बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्याची हयगय करणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडून देणे हे अपराध ठरवले आहेत. तरीही रात्री मोटारीतून नेऊन दूर सोडलेली पाळीव कुत्री रस्त्यांवर दिसतात. त्यांतील कित्येकांना वेळीच शिक्षक मिळाला असता तर ती घरातच राहिली असती. शिक्षक योग्य मिळाला की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. काही आठवड्यांनंतर त्याची पावले जिन्यावर वाजताच पिल्लू पलंगाखाली जाते की शेपूट हलवीत दाराशी धावते, एवढेच पाहावे.